चाळिसाव्याचे गहू

रोड्स, ३ जुलै १९८५

सेवास्ती,

तुझी तार मिळाली. पण बाप गेल्याचं मला त्याआधीच कळलं होतं. इथे बंदरावर आपल्या गावचा तो वाकड्या नाकाचा स्तेर्गोस स्पंज विकतो ना, त्याने सांगितलं. 'गेला रे तुझा,' एवढंच म्हणाला. जसं माझी चप्पल वाहून गेली. मी 'बरं' म्हटलं आणि बोटीवर चढलो, कारण धक्क्यावर साठेक माणसं उन्हात उभी होती आणि त्यांना टोप्या वाटायच्या होत्या.

पुरायला का आला नाहीस, असं विचारशील. बोट नव्हती. आता असती तर आलो असतो का, ते विचारू नकोस, म्हणजे मला खोटं लिहावं लागणार नाही.

मी हल्ली काय करतो ते तुला ठाऊक नसेल. पिरेअसला जहाजाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो, ते सोडलं. क्रीटला ऑलिव्ह झोडपायला गेलो, तेही सोडलं. मध्ये एक महिना सर्कशीबरोबर होतो. तिथे एक उंट होता, त्याला फक्त मीच पाणी पाजलेलं चालायचं. पण उंटाचं नंतर सांगतो. सध्या मी लुकियाबाई नावाच्या गाइडच्या हाताखाली आहे. 'एका दिवसात स्वर्गीय बेट' अशी आमच्या बोटीवर पाटी आहे. सकाळी रोड्सहून निघायचं, लिमनारी बेटावर जायचं, संध्याकाळी परत. लुकियाबाई काठीला कागदी सूर्यफूल बांधून पुढे चालते. मागे लाल झालेले गोरे, आणि सगळ्यांत मागे मी, कोणी हरवू नये म्हणून. एखादा तरी हरवावा असं मला रोज वाटतं, पण मेले हरवत नाहीत.

लिमनारी म्हणजे काय सांगू तुला. घरांना दर वसंतात रंग देतात, पुढून. मागच्या भिंती तशाच. धक्क्यावर एक म्हातारा मऊ करायला म्हणून ऑक्टोपस दगडावर आपटत बसलेला असतो आणि हे लोक गुडघे टेकून त्याचे फोटो काढतात. ऑक्टोपस सोमवारपासून तोच असतो. म्हातारा कोळीसुद्धा नाही, निवृत्त न्हावी आहे. मग गुहा. गुहेत चाचे राहायचे म्हणे. चाच्यांची गोष्ट आमच्या कप्तानाने बिअर पिता पिता रचली, मी तिथेच होतो. काल एका जर्मन गृहस्थाने डोंगरावरच्या शेळ्या बघून विचारलं, 'या कंपनीच्या आहेत का?' लुकियाबाई म्हणाली, 'हो.' तो समाधानाने मान हलवत गेला.

यांना बेट म्हणजे पानातली कोशिंबीर. चाखायची, 'वा' म्हणायचं, पुढे सरकायचं. कोण राहतं, कोण मेलं, कोणाला पडलंय?

तुझ्या फोतिसला आणि मुलींना नमस्कार.

पान्तेलिस


पेत्रोनिसी, १० जुलै १९८५

पान्तेली,

तुझ्या उंटाचं तू कधीच सांगणार नाहीस, हे मला माहीत आहे. फोनवर बोलता आलं असतं, पण गावातला एकुलता फोन कॉफीच्या दुकानात आहे आणि मी बोलायला लागले की तिथे पत्त्यांचा डाव थांबतो. म्हणून लिहितेय.

बाप कसा पुरला ते ऐक. शवपेटी उचलायला चौघं लागतात. एक फोतिस. दुसरा पोलीस, तो क्रीटचा. तिसरा शाळामास्तर, तो अथेन्सचा, त्याला गावातलं अजून काही कळत नाही. चौथं कोणी मिळेना. शेवटी पाद्री पापा-साव्वासने झगा वर खोचला आणि पूजा सांगता सांगता स्वतःच खांदा दिला. चढावर त्याला धाप लागली, तेव्हा देवाचं नावही थांबलं. मी मागून एकटी. गल्लीतल्या झडपा एकामागून एक बंद होत होत्या, आम्ही पोचायच्या आधी. इतक्या हळू बंद करत होते लोक, जसं घरात बाळ झोपलंय.

ते झालं. मला त्याचं काही नाही. पण रविवारी, ४ ऑगस्टला, त्याचा चाळिसावा दिवस आहे. गहू शिजवायचे आहेत. तू सगळं विसरला असशील म्हणून सांगते. परात चर्चच्या अंगणात ठेवायची. येईल त्याने चमचाभर गहू खायचे आणि म्हणायचं, 'देव त्याला क्षमा करो.' जितकी तोंडं, तितकं त्याचं ओझं कमी. आईच्या वेळी, सगळं बिघडायच्या आधी, परात पुरली नव्हती, पापा बायकांना बोटं चाटू नका म्हणून ओरडला होता.

बापाची परात भरलेली घरी आली, तर मी काय करू? अशी परात या गावात आजवर कोणाच्या उंबऱ्यातून परत आत आलेली नाही. माझ्या मुली इथे वाढायच्या आहेत. थोरली परवा विचारत होती, 'आई, आपल्या घरचा पाव कडू असतो का?'

तू ये. निदान एक तोंड आपलं असेल.

सेवास्ती


रोड्स, १५ जुलै १९८५

सेवास्ती,

नाही येणार. खार्‍या वार्‍यावर ठेव ती परात, समुद्रपक्षी खातील. त्यांना सवय आहे, बापाने त्यांना मेलेले मासे किती वर्षं चारलेत.

तू कशी विसरतेस ते मला कळत नाही. सुरुंगाची दारू त्याने आणली. पुडी त्याने वळली. वात आखूड कापली तीही त्यानेच, आणि मिकेसच्या हातात देऊन म्हणाला, 'फेक.' मिकेसचे दोन्ही पंजे मनगटापासून गेले. इथवर मी म्हणेन, चूक झाली, दारू पाण्यात टाकून मासे मारणारे सगळेच मूर्ख. पण कोर्टात उभं राहून, पुस्तकावर हात ठेवून — स्वतःचा शाबूत हात ठेवून — आपला बाप म्हणाला की दारू मिकेसची, मला काही माहीत नाही. ज्याचे हात गेले तो तुरुंगात गेला. ज्याचे होते तो घरी येऊन मासे तळत बसला. तुरुंगात मिकेसच्या पँटची बटणं कोण लावत असेल, हा विचार मी आठ वर्षांचा असताना करायचो. तू केला होतास का?

गावाने बरोबर केलं. मारलं नाही, हाकललं नाही, नुसतं त्याच्या हातचं खाणं सोडलं. आणि आपल्याही. शाळेत मी पाव मोडून शेजारच्याला दिला की तो खिडकीत ठेवायचा, चिमण्यांसाठी. मी शाळा सोडली ती गणितामुळे नाही. लोकांना वाटतं गणितामुळे.

असो. इथे आज वारा सुटला होता, बोट अशी नाचली की अर्धे पाहुणे कठड्याला लटकून ओकत होते आणि उरलेले अर्धे त्यांचे फोटो काढत होते. लिमनारीला उतरल्यावर तेच ओकलेले सगळ्यांत आधी जेवायला बसले. काय खातात ही माणसं, सेवास्ती! काही ठेवा पुढ्यात. ताटाखाली शोभेला द्राक्षाचं पान ठेवलेलं असतं ना, कच्चं, जून, चामड्यासारखं? एका बाईने ते चावून चावून खाल्लं आणि मला म्हणाली, 'फार वेगळी चव आहे.' मी म्हटलं, 'बाई, आमची खासियत आहे.' तिने शेजारणीचंही खाल्लं.

थांब.

थांब, मला एक सुचलंय. तुला तोंडं हवीत. माझ्याकडे साठ आहेत. कधीच बंद नसतात. त्यांना बाप माहीत नाही, मिकेस माहीत नाही, कोर्ट माहीत नाही. गोड आहे म्हटलं की खातील, म्हण म्हटलं की म्हणतील. ४ तारखेला मी बोट लिमनारीऐवजी पेत्रोनिसीला वळवतो. परात रिकामी करून देतो. मी स्वतः यायचं नाही म्हणालो होतो, पण हे माझं काम आहे, हे येणं नव्हे.

पान्तेलिस


पेत्रोनिसी, २० जुलै १९८५

पान्तेली,

खबरदार.

तुझं पत्र फोतिसला वाचून दाखवलं, तर तो हसत सुटला. मी त्याला पाण्याचा तांब्या फेकून मारला. बाप कसाही असेल, त्याचे गहू म्हणजे शेळ्यांपुढे टाकायचा पाला नाही. माहीत नसलेल्या माणसाने केलेली क्षमा ती कसली? पापा-साव्वासला विचारलं. तो दाढी खाजवत म्हणाला, 'जो खाईल आणि म्हणेल त्याचं धरायचं, असं पुस्तकात आहे.' मग म्हणाला, 'पण पोरी, पुस्तक लिहिणार्‍याने तुझा भाऊ पाहिला नव्हता.'

तुझ्या त्या कळपाला घेऊन इथे येऊ नकोस. अर्धी चड्डी घालून चर्चच्या अंगणात फिरणार, मुलींचे गाल ओढणार, आणि तू मागून शिट्टी मारणार. हे बघायचं राहिलंय माझं.

मी माझं बघते आहे. एका घरी जाऊन आले. कोणाच्या, ते विचारू नकोस. दार उघडलं, मी बोलले, दार बंद झालं. पण मी बोलून होईपर्यंत बंद झालं नाही, एवढं मला पुरे आहे. तुला यायचंच असेल तर एकटा ये, पोस्टाच्या बोटीने, माणसासारखा.

सेवास्ती


रोड्स, २६ जुलै १९८५

सेवास्ती,

दार बंद झालं म्हणतेस आणि पुरे आहे म्हणतेस. तुझी भूक किती लहान झालीये! त्या गावाने तुला इतकं वाकवलंय की तोंडावर दार आपटलं तरी तू आवाजाचं कौतुक करतेस. ते येणार नाहीत. मी त्यांना ओळखतो. झडपांच्या फटीतून बघतील, परात घरी जाते का मोजायला.

मी सगळं जमवलंय. लुकियाबाईला म्हटलं, 'बाई, एकदा अस्सल गाव दाखवू या का?'

'अस्सल म्हणजे? संडास आहे का?'

'चर्चच्या मागे एक आहे.'

'आणि जेवण?'

'गहू. गोड. बदाम, मनुका, वर साखर. फुकट.'

'फुकट म्हणालास?' तिने सूर्यफूल खाली ठेवलं. 'नाच वगैरे?'

'नाच नाही. प्रार्थना आहे.'

'चालेल. प्रार्थना छोटी असू दे.'

कप्तान जरा कटकट करत होता. 'तिथे धक्का आहे की नुसता धोंडा?' म्हटलं, 'धोंडा.' म्हणाला, 'बोट घासली तर काय तुझ्या बापाला सांगू?' म्हटलं, 'त्याच्याकडेच तर चाललोय.'

तेव्हा ठरलं. तू नाही म्हटलंस, ते मी रागातलं धरतो. मोठी परात घे. आणि मुलींना सांग, गाल ओढले तर चावा.

पान्तेलिस


रोड्स, ५ ऑगस्ट १९८५

सेवास्ती,

तुझं उत्तर आलं नव्हतं. वार्‍यामुळे पोस्टाची बोट आठवडाभर गेलीच नाही म्हणे, त्यामुळे माझं पत्रही तुला मिळालं नव्हतं, हे तुझ्या चेहर्‍यावरून कळलं. आमची बोट कशी गेली विचारशील, तर आमचा कप्तान पैसे घेतलेल्या माणसांना वादळातही नेतो.

पण काय परात रिकामी केली की नाही? सांग ना!

काल मला बोलायला वेळ मिळाला नाही, म्हणून आता सांगतो. तू आत चर्चमध्ये होतीस, तुला सुरुवात दिसली नाही. आम्ही चढ चढून आलो तेव्हा पूजा संपत आली होती. अंगणात परात मांडलेली. वर ती गुळगुळीत साखर, चांदीच्या वर्खाच्या साखरगोळ्यांचा क्रूस, मेणबत्ती. भोवती कोणी नाही. एक मांजर. मला वाटलं तेच झालं होतं. पापा-साव्वास बाहेर आला आणि समोर साठ जणांच्या उघड्या तंगड्या बघून दारातच थबकला.

'हे कोण?'

'माणसं आहेत, पापा.'

'आपल्या धर्माची?'

'भुकेली आहेत.'

त्याने वर आभाळाकडे पाहिलं, मग त्याच्या बायकोने आतून टेबलावरचे कपडे आणून बायकांच्या कमरेला गुंडाळायला दिले. ते त्यांना इतके आवडले की दोघी-तिघींनी विकत मागितले. मग लुकियाबाईने सूर्यफूल वर केलं आणि भाषण ठोकलं. खायचं आणि अमुक शब्द म्हणायचे, शुभ असतं. मी शब्द शिकवले. सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, 'देव त्याला क्षमा करो.' एका डच माणसाने विचारलं, 'त्याला म्हणजे कोणाला?' लुकियाबाई क्षणभरही अडखळली नाही. म्हणाली, 'गावचे संत. संत नोमिकोस.' आपला बाप! मला हसू आवरेना, मी विहिरीमागे जाऊन हसलो. मग काय, तुटून पडले. चांदीच्या गोळ्या बक्षीस असतात असं कोणीतरी उठवलं, त्यासाठी दोन स्वीडिश म्हातार्‍या कोपरांनी भांडल्या. मी परात घेऊन रांगेत फिरत होतो, चमचे पुसून देत होतो. तो डच कृती लिहून घेत होता. म्हणाला, 'हे नाश्त्याला छान लागेल.' मी म्हटलं, 'लागेल, पण त्याआधी घरातलं कोणीतरी मरायला हवं.' तो हसला. त्याला गंमत वाटली.

तळ दिसला, सेवास्ती. मी तुला परात उलटी करून दाखवली. तू दारात उभी होतीस आणि रडत होतीस. मला वाटलं, बरं झालं, आपण आयुष्यात एक काम पुरं केलं.

आणि मग गल्लीतून ते वर येताना दिसले. सगळा गाव, काळ्या कपड्यांत, पुढे मिकेस, कोटाच्या बाह्या टोकाला दुमडलेल्या, मागे त्याची बायको थेमेलिना. मी म्हटलं, आली धाड. परात रिकामी झाली ते यांना सोसवत नाहीये, आता भांडायला येतायत. मी शिट्टी मारली, कळप मागच्या वाटेने खाली उतरवला आणि बोटीत कोंबला. तुला एकटी टाकून गेलो म्हणशील, पण मी राहिलो असतो तर मारामारी झाली असती. काय म्हणाले ते? शिव्या दिल्या? मला लिही. मी त्यांना भीत नाही.

त्या लोकांना ट्रिप फार आवडली. लुकियाबाई म्हणते, दर आठवड्याला ठेवता येईल का. मी म्हटलं, दर आठवड्याला कोणाचा बाप मारू?

पान्तेलिस


पेत्रोनिसी, १२ ऑगस्ट १९८५

पान्तेली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. विहिरीमागे हसलास ते तीनदा.

तू विचारलंस म्हणून सांगते, काय म्हणाले.

मी गेले होते ते मिकेसच्या घरी. बोलून झाल्यावर दार बंद झालं, हे मी लिहिलं होतं. त्यानंतर त्याच्याकडून काही निरोप नाही. गाव मिकेसकडे बघत होता. तो उठला तर उठायचं, तो बसला तर बसायचं, इतकंच त्यांचं ठरलेलं. त्या रविवारी सकाळी तो म्हणाला, माझी दाढी कर. थेमेलिनाने दाढी केली, मग सदर्‍याची बटणं लावली, मग बूट. लग्नातला कोट काढला, त्याच्या बाह्या तिने आत दुमडून टाचल्या. बिनहाताच्या माणसाला मर्तिकाला तयार व्हायला वेळ लागतो, पान्तेली. तो घराबाहेर पडला तेव्हा एकेक दार उघडलं आणि माणसं मागून चालू लागली. भांडायला येत नव्हते. खायला येत होते.

मी चर्चच्या दारातून दोन्ही बघत होते. एका बाजूने ते वर येत होते, दुसर्‍या बाजूने तू परात उलटी करून मला दाखवत होतास. मी रडत होते ते त्यासाठी.

ते अंगणात आले तेव्हा तुम्ही गेला होतात. परात, मांजर आणि जमिनीवर चिरडलेल्या मनुका. मिकेस परातीपुढे उभा राहिला. वाकून तळ बघितला. मग म्हणाला, 'संपले?'

थेमेलिना म्हणाली, 'जिवंत होता तेव्हा समुद्र रिकामा केलान. मेला तर परात.' आणि कोणीतरी हसलं. मग सगळे हसले. असं हसू मी बापाच्या बाबतीत या गावात कधी ऐकलं नव्हतं, आणि पुन्हा ऐकायला नको. मी जमिनीकडे बघत होते.

मिकेस हसला नाही. जाताना म्हणाला, 'पुढच्या रविवारी परत शिजव. साखर कमी घाल.'

काल शिजवले. सगळे आले. किती खायला आले आणि किती बघायला, ते मी मोजलं नाही. मिकेस पुढे झाला. थेमेलिनाने सवयीने चमचा उचलला, तर त्याने मानेने नाही म्हटलं आणि माझ्याकडे बघून तोंड उघडलं. मी भरवलं. काही दाणे त्याच्या कोटावर सांडले. त्याने सावकाश चावलं. गिळलं. सगळं अंगण त्याच्या गळ्याकडे बघत होतं. मग म्हणाला, 'देव त्याला क्षमा करो. त्याचं ते काम आहे. मी केलेली नाही, हे तुझ्या भावालाही कळव.'

मग बाकीचे एकेक पुढे आले. थेमेलिनाने खाल्लं नाही. तिच्यावर माझा राग नाही. परात पाऊण रिकामी झाली. उरलेले मी घरी आणले आणि मुलींनी शेजारच्या पोरांबरोबर पायरीवर बसून खाल्ले. पोरांना त्यांच्या आयांनी हाक मारली नाही.

आता तुझ्याबद्दल. जाता जाता मिकेसने विचारलं, 'त्या दिवशी तुझ्या भावाने खाल्ले का?' मी म्हटलं, हो, नक्कीच. मग घरी येऊन तुझं पत्र पुन्हा काढलं. तू चमचे पुसलेस. परात फिरवलीस. शब्द शिकवलेस, साठ जणांकडून म्हणवून घेतलेस. तू एक दाणा तोंडात टाकल्याचं कुठे लिहिलेलं नाही, आणि टाकला असतास तर दोन पानं त्यावर खर्च केली असतीस.

तू त्या लोकांना इतकं हसतोस, पान्तेली. सकाळी यायचं, चाखायचं, संध्याकाळी जायचं. त्यांनी निदान चाखलं तरी.

एक ओंजळ गहू न शिजवता बाजूला ठेवलेत. जास्त नाहीत. एका माणसाचे.

सेवास्ती


पोस्टाच्या बोटीवर, २० ऑगस्ट १९८५

सेवास्ती,

लुकियाबाईला सांगितलं, येत नाही. तिने विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, माहीत नाही. म्हणाली, मग मी मागे चालले की पुढे सूर्यफूल कोण धरणार? आता तीच मागे चालेल आणि लोक हरवतील, चांगलं होईल.

या बोटीवर कोणी फोटो काढत नाही. एक डॉक्टरीणबाई आहे, दोन बकर्‍या, सिमेंटची पोती आणि तो स्तेर्गोस. त्याला विचारलं, 'तू कशाला चाललास?' म्हणाला, 'घरी.' मला पण तेच विचारलं. मी बकर्‍यांकडे बघत बसलो, तर त्याने माझ्याकडे अर्धी काकडी सरकवली. मीठ लावलेली. आपल्या गावच्या माणसाने मला खायला दिलेलं काही मला आठवत नाही, म्हणून मी ती इतकी हळू खाल्ली की तो वैतागला.

मी बापाला क्षमा करायला येत नाहीये. मिकेसने केली नाही तर मी कोण? शब्द म्हणेन, कारण ते देवाला सांगायचे आहेत आणि देवाशी माझं काही वाकडं नाही. ते म्हणतानाही माझा आवाज चांगला निघणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मिकेससमोर म्हणायला लावू नकोस. तो तिथे असेलच तर असू दे.

बेट दिसायला लागलंय. लांबून बघितलं तर एक भाजलेली भाकरी समुद्रात पडल्यासारखं दिसतं, काही स्वर्गीय वगैरे नाही. कप्तान म्हणतो, परतीची बोट शनिवारी. मी म्हटलं, असू दे.

हे पत्र मी पोस्टाच्या पिशवीत टाकलेलं नाही, तुझ्या हातात देईन. तिथेच धक्क्यावर वाचत उभी राहू नकोस. घरी जा आणि गहू भिजत घाल. ते रात्रभर भिजावे लागतात, हे मला माहीत आहे.

पान्तेलिस